नकलेतून घडलेली तलवार

घोडदळाच्या जुन्या तलवारीची परवडणारी प्रतिकृती घ्यायला निघालेल्या माणसाला पहिल्याच पायरीवर एक शब्द अडवतो : नक्कल. देवघरात पिढ्यान्‌पिढ्या पुजलेली तलवार खरी, संग्रहालयातल्या काचेमागची खरी. कारखान्यातून पावतीसह घरपोच आलेली मात्र खोटी, असे आपण फार सहज ठरवून टाकतो. जुन्या काळी प्रत्येक तलवार एकमेव होती, एका कारागिराने एका वीरासाठी ती घडवली होती, हे या निवाड्यामागचे गृहीतक आहे. राजेरजवाड्यांच्या जडावाच्या तलवारींपुरते ते खरे असेलही. सामान्य स्वाराच्या कमरेला लटकणाऱ्या तलवारीबाबत ते साफ चुकीचे आहे. ती हजारोंच्या संख्येने बनत होती आणि घाऊक विकली जात होती. एका देशाचा नमुना दुसरा देश उचलत होता. पाते एका खंडातले आणि मूठ दुसऱ्या खंडातली, हेही नेहमीचेच होते. म्हणून तिची प्रतिकृती घेताना ‘अस्सल की नक्कल’ हा प्रश्न फारसा कामाचा नाही. नक्कल करताना काय उचलले आणि काय सोडले, हे विचारायला हवे. या तलवारीचा सगळा इतिहास त्याच प्रश्नाभोवती फिरतो.

आज प्रतिकृतींच्या बाजारात हमखास आढळणारा नमुना म्हणजे ब्रिटिश हलक्या घोडदळाची १७९६ ची वक्र तलवार. जॉन गॅस्पार्ड ले मर्चंट हा तरुण अधिकारी १७९३ ते १७९५ या काळातल्या फ्लँडर्सच्या मोहिमेत होता. आपल्या स्वारांच्या तलवारी बेढब आहेत आणि त्या चालवण्याचे शिक्षणही नाही, त्यामुळे स्वार स्वतःला आणि आपल्याच घोड्याला जखमी करतात, हे त्याने तिथे पाहिले. बर्मिंगहॅमचा तलवारसाज हेन्री ऑसबोर्न याच्या मदतीने त्याने नवी तलवार आखली. सुमारे ३३ इंचांचे वक्र पाते, टोकाकडे किंचित रुंदावणारे. मुठीला रिकिबीच्या आकाराची साधी लोखंडी परज. ही कल्पना शून्यातून आली नव्हती. हंगेरीचे हुसार, तुर्क, मामलुक यांच्या वक्र तलवारी किती परिणामकारक असतात, याचा त्याने विचार केला होता. त्याच वर्षी ब्रिटिश जड घोडदळाला जी सरळ तलवार मिळाली, ती तर ऑस्ट्रियाच्या तलवारीवरून सरळसरळ उतरवलेली होती. म्हणजे ज्या दोन तलवारींना आज ‘अस्सल ब्रिटिश’ म्हणून मान मिळतो, त्यांतल्या एकीचा वाकडेपणा पूर्वेकडचा आणि दुसरीचा सरळपणा व्हिएन्नाचा. पुढे प्रशियाने ले मर्चंटची तलवार उचलली. तीच १८११ च्या नमुन्याची, सेनापती ब्लूखरच्या नावाने ओळखली जाणारी. अमेरिकेने १८४० मध्ये स्वीकारलेली घोडदळाची तलवार फ्रेंच नमुन्यावर बेतलेली होती आणि तिच्या पहिल्या खेपा जर्मनीतल्या सोलिंगेनहून आल्या. मग मॅसॅच्युसेट्समधल्या चिकोपीच्या एम्स कारखान्याने ती अमेरिकेत बनवायला घेतली. तलवार जड असल्याने तिला ‘मनगटमोडी’ अशा अर्थाचे टोपणनाव पडले आणि १८६० मध्ये तिचे हलके रूप आले. या साखळीत मूळ कडी शोधू गेलो, तर हाती प्रत्येक वेळी आणखी एक नक्कलच लागते.

नक्कल सर्वत्र होती, पण सगळ्या नकला सारख्या नव्हत्या, आणि हे त्या काळच्या खरेदीदारांनाही कळत होते. १७८६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला घोडदळासाठी दहा हजार तलवारी हव्या होत्या. इंग्लंडची पाती चांगली की जर्मनीची, हा वाद तेव्हा जोरात होता. बर्मिंगहॅमच्या टॉमस गिलने दोन्हींची जाहीर परीक्षा घेण्याचा आग्रह धरला होता. कंपनीने आलेली पाती ठरावीक मापाने वाकवून पाहिली. जे मोडले किंवा वाकलेलेच राहिले, ते बाद. गिलच्या २,६५० तलवारींतल्या फक्त ४ बाद झाल्या, जर्मनीच्या १,४०० पैकी २८, आणि इतर इंग्रज कारागिरांच्या २,७०० पैकी तब्बल १,०८४. या आकड्यांत आपल्या विषयाचे सार आहे. या सर्व तलवारी एकाच मागणीसाठी, एकाच कामासाठी बनल्या होत्या. वरवर पाहता त्यांत फारसा फरकही दिसला नसता. तरी एका गटातली दर पाचातली दोन पाती निकामी निघाली. गिऱ्हाइकाला फसवणारी स्वस्त तलवार ही काही आजच्या बाजाराची देणगी नव्हे. तेव्हाही ती होती आणि तेव्हाही तिच्यावर उपाय एकच होता : गाव आणि नाव पाहू नका, पाते वाकवून पाहा.

आपल्याकडे हा देवघेवीचा इतिहास आणखी खोल जातो. ‘फिरंग’ हा शब्दच पुरेसा बोलका आहे. फिरंग्यांच्या देशातून आलेले, बहुधा सरळ आणि लांब पाते आणि त्यावर चढवलेली देशी मूठ, या जोडणीतून दख्खनची ही तलवार घडली. सोलिंगेन, जिनोवा, स्पेन इथली पाती पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांतून आत येत आणि इथल्या कारागिरांच्या हाती मराठा थाटाच्या मुठीत बसत. हे शक्य झाले त्यामागे एक साधे तांत्रिक कारण आहे. आपल्या तलवारीच्या मुठीत पात्याचे शेपूट लाख-राळेच्या मिश्रणाने पक्के केलेले असते. मूठ तापवली की ते मिश्रण वितळते, पाते सुटते आणि दुसरे बसवता येते. त्यामुळे पाते एका पिढीचे, मूठ दुसरीची, म्यान तिसरीचे, असा प्रकार सर्रास चाले. साताऱ्याच्या छत्रपतींच्या घराण्यात भवानी म्हणून पुजल्या जाणाऱ्या तलवारीचे पाते उत्तम जिनोवी असल्याची नोंद ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात केली आहे. हे वाचून काहींना उणेपणा वाटतो. आपल्याकडे पोलाद नव्हते का, असा प्रश्न येतो. पोलाद होते, दख्खनच्या ज्या पोलादाला इंग्रज ‘वूट्झ’ म्हणत, त्याची कीर्ती इराणपर्यंत होती. परदेशी पाते घेतले जाई ते सरळ लांबी, लवचीकपणा आणि सहज उपलब्धता यांसाठी. जे कामाचे ते जगातून कुठूनही घ्यायचे आणि आपल्या हाताच्या मापाने बसवून घ्यायचे, हे दुबळेपणाचे लक्षण नाही. ती जाणत्या गिऱ्हाइकाची निवड आहे.

गिऱ्हाईक हा शब्द इथे अगदी नेमका आहे. मराठ्यांच्या घोडदळात बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे, तर शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीला उभा राही. शिलेदारासाठी तलवार हा घरखर्चातला एक आकडा होता. घोड्याच्या किमतीपुढे तिची किंमत मर्यादेत ठेवणे त्याला भाग होते, आणि तिच्यावर जीव अवलंबून असल्याने निकृष्ट माल घेणेही परवडणारे नव्हते. परवडणारी पण भरवशाची तलवार शोधणारा माणूस हा आजचा छंदिष्ट नव्हे. तो इतिहासातला सर्वसामान्य स्वार आहे. ही पद्धत आणि तिचे नावही पुढे ब्रिटिशांच्या हिंदी घोडदळाने उचलले. तिथल्या शिलेदारी पलटणींत स्वाराच्या साजसरंजामाचा खर्च त्याच्याच पैशातून होई आणि तलवारी पलटणीमार्फत विलायतेहून मागवल्या जात. बर्मिंगहॅमच्या रॉबर्ट मोल यांच्या कारखान्याने हिंदी घोडदळासाठी देशी तलवारीच्या वळणाची पाती मोठ्या संख्येने पुरवली. पूर्वेचा बाक पाहून बर्मिंगहॅमने तलवार बनवली आणि पुढच्या शतकात त्याच बर्मिंगहॅमने हिंदी बाक घडवून हिंदुस्थानातच विकला. या व्यवहारात कोण कोणाची नक्कल करत होते?

यावर सर्वांत ठोस पुरावा दिला आहे तो लुई एडवर्ड नोलन या ब्रिटिश अधिकाऱ्याने. क्रिमियाच्या युद्धात बालाक्लाव्हाला घोडदळाचा जो प्रसिद्ध आत्मघाती हल्ला झाला, त्याचा हुकूम घेऊन जाणारा आणि त्यात पहिल्या काही मिनिटांत मारला गेलेला हाच तो नोलन. त्याआधी तो हिंदुस्थानात होता, आणि १८५३ मध्ये त्याने घोडदळावर एक ग्रंथ लिहिला. त्यात तो निजामाच्या घोडदळाच्या एका चकमकीची हकिकत देतो. शस्त्रवैद्याच्या अहवालात एका घावात तुटलेली मस्तके आणि हात नोंदलेले पाहून तो चकित झाला आणि अशा तलवारी तरी कसल्या, हे शोधायला गेला. त्याला आढळले ते असे : बहुतेक पाती ब्रिटिश घोडदळाने मोडीत काढलेली जुनीच होती. निजामाच्या स्वारांनी त्यांना आपल्या पद्धतीच्या छोट्या, चपट्या धातूच्या मुठी बसवल्या, मुळापासून टोकापर्यंत वस्तऱ्यासारखी धार दिली आणि ती लाकडी म्यानात ठेवली. लढाईखेरीज ती म्यानाबाहेर काढायचीच नाहीत, हा त्यांचा नेम होता. ब्रिटिश स्वार मात्र तलवार लोखंडी म्यानात ठेवत आणि रोजच्या कवायतीत ती सारखी उपसत. म्यानाला घासून धार बोथट होई. पोलाद तेच आणि पातेही तेच, पण एका सैन्याच्या हाती ते निरुपयोगी ठरले आणि दुसऱ्याच्या हाती भयंकर झाले. निजामाच्या राज्यात तेव्हा मराठवाडाही होता. औरंगाबाद आणि हिंगोलीला हैदराबाद कंटिन्जंट या निजामाच्या फौजेच्या छावण्या होत्या. तेव्हा ही हकिकत आपल्याला परकी नाही. तलवारीचा दर्जा तिच्या जन्मदाखल्यावर ठरत नाही. ती कोणत्या समजुतीने बसवली, परजली आणि जपली यावर ठरतो, हे यातून निर्विवाद दिसते.

आजचा प्रतिकृतींचा धंदा या साखळीतली पुढची कडी आहे आणि ती भारतात आहे. गुरखा पलटणींच्या कुकरीशी जुने नाते असलेल्या देहरादूनमध्ये १९४३ पासून विंडलास हा कारखाना चालतो. तिथे युरोप-अमेरिकेच्या ऐतिहासिक तलवारींच्या प्रतिकृती बनतात आणि परदेशी संग्राहकांकडे, नाटक-सिनेमाकडे, जुन्या लढायांचे प्रयोग करणाऱ्या मंडळांकडे जातात. आज अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या प्रयोगात स्वाराच्या हातात दिसणारी तलवार देहरादूनची असू शकते, जशी १८४० च्या दशकात ती सोलिंगेनची असे. ब्रिटिश सैन्याला पिढ्यान्‌पिढ्या तलवारी पुरवणाऱ्या विल्किन्सनने २००५ मध्ये तलवारी बनवणे थांबवले. भारतात हे काम चालू आहे. ज्या देशाने दोन-तीन शतके परदेशी पाती विकत घेतली, तो आता परदेशाला त्यांच्याच तलवारी विकतो. याला केवळ स्वस्त मजुरीचा परिणाम म्हणून सोडून देणे अपुरे आहे. पाते घडवणे, पाणी देणे, उगाळणे ही कौशल्ये त्यामुळेच जिवंत राहिली आहेत.

इथे पहिला आक्षेप येतो. सगळेच नक्कल असेल, तर दिवाणखान्यात टांगायच्या चकचकीत स्टेनलेस स्टीलच्या तलवारीलाही तोच मान द्यायचा का? नाही, आणि नक्कल व लबाडी यांतली रेघ इथेच आखायला हवी. ही लबाडीही जुनीच आहे. सोलिंगेनच्या कारागिरांनी पासाउ गावच्या कीर्तिमान पात्यांवरचा धावता लांडगा आपल्या पात्यांवर कोरला, तोलेदोच्या नामांकित कारागिरांची नावे ठोकली. आणि युरोपच्या पात्यांवरची कोयत्यासारखी दुहेरी खूण आपल्याकडच्या कारागिरांनी आपल्या पात्यांवर उमटवली. यात गुण उचलला नव्हता, फक्त गुणाची खूण उचलली होती. नकली गंज चढवून नवी तलवार ‘शिवकालीन’ म्हणून विकणारा आजचा दलाल याच वाटेने जातो. त्याउलट, ही २१ व्या शतकातली वस्तू आहे असे उघड सांगून १७९६ च्या तलवारीचे वजन आणि तोल हुबेहूब साधणारा कारागीर ले मर्चंटच्या आणि फिरंग बसवणाऱ्या मुठकाराच्या रांगेतला आहे.

मग स्वस्त प्रतिकृती नेमकी कुठे चुकते? बहुधा दिसत नाही तिथे. जुन्या १७९६ च्या पात्याची पाठ मुठीजवळ सुमारे ८ मिलिमीटर जाड असते आणि टोकाकडे उतरत उतरत २ मिलिमीटरच्या आसपास येते. हा उतार हाच तिचा प्राण. त्याच्यामुळे रुंद टोक असूनही तलवार हातात हलकी वाटते, वळते, आवरता येते. असे पाते घडवायला आणि उगाळायला वेळ लागतो. म्हणून किंमत खाली आणणारा कारखाना एकाच जाडीच्या पट्टीतून पाते कापतो. बाह्यरेषा तंतोतंत जुळते, छायाचित्रात फरक कळत नाही. पण हातात घेताच टोक जमिनीकडे ओढते आणि मनगट थकते. दुसरी काटकसर मुठीच्या आत होते : पात्याचे शेपूट बारीक ठेवून त्याला सळई जोडतात आणि सगळा जोर त्या जोडावर येतो. तिसरी पोलादात होते. स्टेनलेस स्टील चाकूला ठीक, पण हातभर लांबीच्या पात्याला ते मोडण्याच्या दृष्टीने धोक्याचे. तिथे योग्य पाणी दिलेले स्प्रिंगचे पोलादच हवे. म्हणून घेणाऱ्याने पितळेची चमक आणि कोरीवकाम यांवरून नजर काढावी आणि चार गोष्टी विचाराव्यात : मुठीजवळ आणि टोकाजवळ जाडी किती, वजन किती, मुठीपासून किती अंतरावर तोल साधतो, आणि पात्याचे शेपूट मुठीत कसे बसवले आहे. उत्तरे न देणारा विक्रेता सोडून द्यावा. पैसे वाचवायचेच असतील, तर अधिकाऱ्याची सोनेरी-निळी नक्षीची तलवार न घेता साध्या स्वाराची घ्यावी. अधिकाऱ्याच्या तलवारीची स्वस्त नक्कल ही तिच्या वैभवाची चेष्टा ठरते; स्वाराची तलवार मात्र मुळातच बेताच्या किमतीत उत्तम काम देण्यासाठी आखली होती. तिची काटकसरी प्रतिकृती मूळ हेतूशी इमान राखू शकते.

दुसरा आक्षेप अभ्यासकांचा आहे. प्रतिकृतीवर खर्च करण्यापेक्षा खरी जुनी तलवार घ्यावी, नाहीतर संग्रहालयात जाऊन पाहावी. यात तथ्य आहे. जुन्या वस्तूवरच्या झिजेत, दुरुस्तीत, खुणांत जो पुरावा असतो, तो नव्या वस्तूत येऊच शकत नाही. पण त्याच कारणाने जुनी तलवार हाताळून, परजून, फिरवून पाहण्याची वस्तू राहिलेली नाही. भारतात शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येतात, आणि ते योग्यच आहे. संग्रहालयाची काच रूप दाखवते, वजन दाखवत नाही. या एका उणिवेतून आपल्याकडे केवढे गैरसमज माजले आहेत! अमक्या वीराची तलवार वीस किलोची, तमक्याची साठ किलोची, असे आकडे भाषणांत आणि मोबाइलवर फिरत असतात. प्रत्यक्षात १७९६ ची स्वाराची तलवार म्यानाशिवाय एक किलोच्या आत-बाहेर भरते, आणि कामाच्या फिरंगही याच मापाच्या आसपास असतात. धावत्या घोड्यावरून एका हाताने तासन्‌तास चालवायचे हत्यार याहून फार जड असूच शकत नाही. चांगली प्रतिकृती हातात घेतली की हे एका क्षणात पटते. पूर्वजांचा पराक्रम वजनाच्या आकड्यांवर उभा नव्हता. तो कौशल्यावर, घोड्यावरच्या मांडीवर आणि नेमक्या वेळी पडणाऱ्या घावावर उभा होता. वीस किलोची दंतकथा त्या कौशल्याचा अपमान करते, हे ओळखायला हातात एक किलोचे प्रामाणिक पाते असावे लागते.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि तो टाळू नये. तलवार हे माणूस कापण्याचे साधन आहे. तिचा छंद म्हणजे हिंसेचे कौतुक नव्हे का? मिरवणुकीत नाचवलेल्या, केक कापायला उपसलेल्या तलवारी पाहता ही भीती अनाठायी म्हणता येत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात तलवारीचा समावेश शस्त्रांतच होतो. म्हणून आपल्या भागातले नियम पोलिसांकडून समजून घेऊन, धार नसलेलीच प्रतिकृती घ्यावी आणि ती चारचौघांत उपसू नये, हे जबाबदार नागरिकाचे किमान कर्तव्य आहे. पण हिंसेचे कौतुक कुठून जन्मते, तेही पाहावे. ते सोनेरी मुठीच्या, फुगवलेल्या आकाराच्या शोभेच्या तलवारीतून जन्मते, कारण तिचा कोणत्याही खऱ्या शरीराशी संबंधच नसतो. नोलनने वाचलेला शस्त्रवैद्याचा अहवाल ज्याला माहीत आहे आणि ते काम करणाऱ्या पात्याचा उतार ज्याने हाताने अनुभवला आहे, तो तलवार नाचवायला सहसा धजणार नाही. ही वस्तू काय करत होती, हे त्याला कळलेले असते.

म्हणून प्रतिकृतीची कसोटी कंपनीने १७८६ मध्ये लावली आणि निजामाच्या स्वारांनी आपल्या परीने लावली, तीच राहते : वस्तू कुठून आली यापेक्षा तिच्यात ती घडवण्या-जपण्याचे ज्ञान उतरले आहे का. आणि ज्ञान विकत घेऊन संपत नाही. आणलेल्या पात्याला वेळोवेळी पुसून तेलाचा हात फिरवणे, चामड्याच्या म्यानात ओल धरून ते गंजू न देणे, मूठ सैल झाली तर वेळीच बसवून घेणे, ही कामे पूर्वी शिकलगार आणि स्वार मिळून करत. ब्रिटिशांनी भंगारात टाकलेली पाती त्याच निगराणीने पुन्हा तलवारी झाली. ती निगा जो राखतो, त्याच्या भिंतीवरची स्वस्त प्रतिकृती त्या स्वारांच्या परंपरेतच बसते.